दादाच्या गाडीचा ड्रायव्हर

सोमवार, वैशाख. वडवणी

आज दादाची खेळण्यातली शर्यतीची गाडी मी पुरी करायला घेतली. प्लॅस्टिकचे सुटे भाग चिकटवत त्याने ती बहुतेक उभी केली होती. गेल्या उन्हाळ्यात पाणीपुरवठा संस्थेचा टँकर चालवताना तो घाटात कोसळून गेला, तेव्हा फक्त आकड्यांची चित्रं लावायची राहिली होती. आणि ड्रायव्हर बसवायचा.

चित्रं भिजवली की कागदावरून सुटतात. मी वाटीभर पाणी घेतलं तशी आई ओरडली, "टँकरचा पत्ता न्हाई अन् तू खेळण्याला पाणी पाजतीस?" मग गाडी कोणाची ते दिसलं, आणि तिनेच वाटी माझ्यापुढे सरकवली.

गाडी वाळल्यावर तिनेच हळदकुंकू लावलं. म्हणाली, "टँकरला लावलंच न्हाई. संस्थेचा हाय, आपला कुठं, म्हनून राहिलं."

घरातली पहिली पदवीधर मी. कुंकवाने ब्रेक लागत नाहीत, हे सांगायला हवं होतं. खरंच हवं होतं का?

ड्रायव्हर नखाएवढा आहे. पांढरं हेल्मेट, चेहरा नाही. बाबा म्हणाले, "बसव की त्याला. बिगर ड्रायव्हरची गाडी जाईल कुठं?"

"कुठंच जाऊ नये," आई म्हणाली.

मी त्याला गाडीच्या खोक्यात परत ठेवलं. तरी लिहिता लिहिता उठून झाकण उघडलं. होता तिथेच. पांढरं हेल्मेट. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, तर हेल्मेटवर ओलं कुंकू.

आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. मी आवाज न करता झाकण लावलं.