गोलरक्षक इंका राउतिओला हिच्या सामानाची वाटणी

ज्याला वाचवायचे आहे तोच नको म्हणत असेल, तर त्याला वाचवण्याचा हक्क आपल्याला कितपत असतो? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. एवढे सोडले तर माझे डोके ठिकाणावर आहे. मी, इंका मिर्यान-तीतार (म्हणजे मिर्याची लेक) राउतिओला, वय सव्वीस, राहणार कोर्तेयार्वी, कोणाच्याही दडपणाखाली न येता, दिवसाउजेडी (म्हणजे आमच्याकडे जानेवारीत जेवढा असतो तेवढ्या उजेडी) हे मृत्युपत्र लिहीत आहे.

सव्वीस वर्षांच्या बाईने मृत्युपत्र का करावे, असे माझा भाऊ तात्तु विचारतो. कारण साधे आहे. माझे वडील एस्को राउतिओला यांच्या दोन्ही किडन्या गेल्या वर्षी निकामी झाल्या. आईचा रक्तगट जुळत नाही, तात्तुचा रक्तदाब आड आला. माझे सगळे जुळते. हेलसिंकीच्या डॉक्टरांनी डिसेंबरात माझ्या तपासण्या पूर्ण केल्या आणि म्हणाले, धोका फार कमी आहे, पण शून्य नाही. शून्य नाही म्हटल्यावर शिकलेल्या माणसाने कागद करून ठेवावा. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, तेव्हा हे काम माझ्याकडेच येते.

आता फक्त बाबांचा होकार हवा आहे, आणि तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नाही.

कलम १. राहते घर

घर माझे नाही, भाड्याचे आहे. खिडकीतली जिरेनियमची कुंडी आईला द्यावी. तिने हिवाळ्यात पाणी कमी घालावे. मी सांगितलेले ती ऐकत नाही, निदान लिहिलेले तरी ऐकावे.

कलम २. अर्धी चकती

आमचा बर्फावरचा हॉकी संघ 'हाल्ला' व्यावसायिक झाला त्याच्याही आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा छत नव्हते, तळ्याकाठच्या उघड्या बर्फावर सामने होत. १९७९च्या जानेवारीत शेजारच्या नीवाकोस्कीशी सामना होता. थंडी इतकी की प्रेक्षकांच्या पापण्या चिकटत होत्या. शेवटच्या क्षणी आमच्या माणसाने फटका मारला, चेंडूऐवजी खेळतात ती रबराची गोठलेली चकती गोलच्या खांबावर आपटून मधोमध फुटली. अर्धी गोलात गेली, अर्धी बाहेर राहिली.

पंच म्हणाला, "चकती आत गेली तर गोल. ही चकती नाही, हा तुकडा आहे."

आमचा कप्तान म्हणाला, "मग अर्धा गोल द्या!"

दिला नाही. कोर्तेयार्वीत आजही कोणी अर्धवट काम केले की "अर्धा गोल" म्हणतात. आत गेलेला तुकडा आम्ही आणला, बाहेरचा नीवाकोस्कीवाले घेऊन गेले. मी इतिहास शिकून परत आले तेव्हा क्लबने मला बर्फगृहाच्या ओसरीतल्या काचेच्या कपाटाची जबाबदारी दिली. आपला तुकडा तिथेच आहे. माझ्या मागे तो नीवाकोस्कीला उसना द्यावा, म्हणजे दोन्ही तुकडे एकदा तरी एकत्र मांडले जातील. मी जिवंत असताना हे तीनदा सुचवले आणि कार्यकारिणीने तीनदा हाणून पाडले. मेलेल्या माणसाला नाही म्हणायला त्यांना जड जाईल, अशी आशा आहे.

कलम ३. करपलेला हातमोजा

हा कपाटातला असला तरी मालकी आमच्या घराची आहे, म्हणून स्वतंत्र कलम.

१९९६चा थ्री किंग्जचा सण, म्हणजे सहा जानेवारीची सुट्टी, शनिवारी आला. बाबा तेव्हा हाल्लाचे नवे सामानवाले होते, म्हणजे स्केटच्या पात्यांना धार लावणे, कपडे वाळवणे, काठ्या बांधणे. सकाळच्या सरावानंतर सगळ्या संघाचे ओले हातमोजे त्यांनी सौनाच्या (गरम वाफेच्या स्नानाच्या) खोलीत वरच्या बाकावर मांडले. तिथे कोरडी ऊब असते, हिशोब बरोबर होता. पण तो शनिवार होता, आणि शनिवारी सौना तापवायचे काम कॉफीच्या गाड्यावरच्या नव्या मुलीकडे होते. तिने आत न डोकावता भट्टी पेटवली. ती माझी आई.

सामन्याआधी बाबांनी दार उघडले तेव्हा हातमोजे सुकटीसारखे कडक झाले होते. बोटे आत जाईनात.

"कुठल्या गाढवानं पेटवली?" बाबा ओरडले.

"कुठल्या गाढवानं सौनात कपडे वाळत घातले?" आईने विचारले. "शनिवार कळत नाही तुला?"

प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायकांच्या कानावर हे गेले. एकेकीने आपल्या हातातले लोकरीचे मोजे काढून खाली दिले. त्यांच्या आत वर्तमानपत्राच्या घड्या घालून हाल्लाचे पगारी खेळाडू लाल, हिरव्या, ठिपक्याठिपक्यांच्या हातांनी बर्फावर उतरले. पाहुण्यांनी तक्रार केली. पंचाने नियम वाचला आणि म्हणाला, "हातमोजे हवेत असं लिहिलंय. कशाचे, ते नाही लिहिलं." हाल्ला जिंकला.

तेव्हापासून दरवर्षी या सणाच्या सामन्यात आपला पहिला गोल झाला की गावकरी एकेक विणलेला हातमोजा बर्फावर फेकतात. जोडीतला एकच. दुसरा हातात ठेवायचा आणि मोकळा हात खिशात घालून घरी जायचे. फेकलेले सगळे ओसरीत दोरीवर लटकवतात, ज्याला थंडी वाजते त्याने कोणतेही दोन घ्यावेत. त्यामुळे आमच्या गावात जुळणारे हातमोजे घालून फिरणारा माणूस बाहेरगावचा समजावा.

करपलेला हातमोजा आईने ठेवावा. बाबांनी मागितला तरी देऊ नये. तीस वर्षे होत आली, दोघे भांडत आहेत की चूक कोणाची. माझ्या मते दोघांची, आणि त्या चुकीतून मी झाले, म्हणून मी निःपक्षपाती नाही.

कलम ४. बाबांचे धारेचे चाक

हे माझे नाहीच, पण याविषयी लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. बाबा आधी साऱ्या संघाचे उजवे स्केट धारेला लावतात, मग सारे डावे. हात एकदा बसला की बदलायचा नाही, हे त्यांचे तत्त्व. गेल्या वर्षी याच सणाला उजवे झाले आणि ते चाकापाशीच कोसळले. रुग्णवाहिका गेली. दुसऱ्या कोणाच्या हाती पाते द्यायला एकही खेळाडू तयार होईना. सगळे तसेच उतरले, उजवा पाय धारदार, डावा बोथट. पहिला भाग संपेपर्यंत हाल्लाचे खेळाडू जिकडेतिकडे गोल गोल फिरत होते. समालोचकाला वाटले, नवी चाल आहे. आम्ही हरलो, पण त्या रात्री कोणालाही त्याचे वाईट वाटले नाही. सगळे इस्पितळाच्या बाकांवर बसले होते.

तेव्हापासून बाबा आठवड्यातून तीन दिवस रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडलेले असतात. जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो. त्यांचा रंग जुन्या बर्फासारखा झाला आहे. चाकावर ते अजून बसतात, पण मधे थांबावे लागते.

कलम ५. जुने हिशोब

(अ) क्लबच्या ज्या माजी अध्यक्षांनी "मुलींचा संघ म्हणजे कॉफीच्या सुट्टीतली करमणूक" असे म्हटले होते, त्यांना मी क्षमा करत नाही, पण माझ्या दफनाला यायला हरकत नाही. त्यांच्यासाठी खिम्याच्या करंज्या कमी ठेवाव्यात.

(आ) गेल्या हिवाळ्यात क्लबने महिला संघातल्या चौघींना पहिल्यांदा पगारी करार दिला. त्यातली एक मी. पहिल्या पगाराच्या दिवशी बाबांनी माझे स्केट धारेला लावले, एका हाताने, कारण दुसऱ्या हाताला सुईची पट्टी होती. हा हिशोब माझ्याकडून कधी फिटणार नाही. फेडायचाही नाही, नुसता लिहून ठेवायचा आहे.

(इ) नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात जे बोलणे झाले, ते खाली जसेच्या तसे देत आहे. उद्या कोणी म्हणू नये की पोरीने बापाला विचारले नाही.

मी म्हणाले, "बाबा, डॉक्टरांचा फोन आला होता. सगळं जुळतंय."

"माझा होकार नाही जुळत," बाबा म्हणाले. "गोलरक्षकानं पोटावर फटके खायचे असतात. एका किडनीवर तुला कोण उभं करील?"

"कोणीच नाही. डॉक्टर म्हणाले, धक्काबुक्कीचा खेळ बंद."

"मग झालं तर. तुला पगार मिळायला लागून वर्ष झालं नाही. घेणार नाही मी. विषय संपला. कॉफी ओत."

आईने कॉफी ओतली नाही. ती म्हणाली, "दरवर्षी एक हातमोजा फेकतोस ना? दुसरा हात गारठला म्हणून कधी रडलास?"

"हात खिशात घालता येतो, मिर्या. तिनं पोट कुठल्या खिशात घालायचं?"

 आईने रागाने विचारले, "प्रतीक्षायादीतून एखाद्या स्वीडिश माणसाची किडनी आली असती तर घेतली असतीस?"

बाबांनी कॉफी स्वतःच ओतून घेतली. "विचार केला असता," ते म्हणाले. "पण कोणाला सांगितलं नसतं."

स्वीडिश म्हणजे बर्फावरचे आमचे जुने वैरी, तेव्हा आम्ही तिघेही हसलो. हसता हसता बाबांना धाप लागली, आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांची पाठ मी तेव्हा नीट पाहिली. कोट खुंटीला टांगावा तशी ती दिसत होती. यादीवर थांबायला किती काळ लागेल हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. बाबा किती काळ थांबू शकतील, हे पाठीकडे पाहून कळत होते.

कलम ६. माझे खेळाचे सामान

पायाचे पॅड, छातीचे कवच, मुखवटा आणि काठ्या साइमी ल्यूता हिला. ती आमची दुसरी गोलरक्षक आहे, एकोणीस वर्षांची, माझ्याहून चपळ आणि हे तिला ठाऊक नाही. पॅडचा डावा पट्टा ढिला होतो, तो दर सामन्याला पाहावा. मुखवट्यावर रंगवलेले चित्र आवडत नसेल तर खुशाल पुसावे.

कलम ७. पुस्तके व बचत

पुस्तके गावच्या वाचनालयाला. हाल्लाच्या हिवाळ्यांवर मी लिहीत असलेले पुस्तक अपुरे राहिल्यास निवृत्त शिक्षिका तेल्लेर्वो कंगास बाईंनी पुरे करावे. मात्र त्यात खेळाडूंइतकीच जागा मोजे विणणाऱ्या बायकांना द्यावी, कारण इतिहास ज्यांच्या हातून घडतो त्यांची नावे गुणफलकावर येत नाहीत, असे मला वाटते. बँकेत जे असेल ते तात्तुला, पण त्याने त्यातून आधी लाकडाच्या ट्रकचे टायर बदलावेत आणि मग काय ते करावे.

कलम ८. माझा खेळ

हे कलम सर्वांत लांब लिहिणार होते, पण लिहायला थोडेच उरले आहे.

काल, रविवारी, आमचा घरचा सामना होता. बाबांचा यंत्राचा दिवस नव्हता, ते पायऱ्यांवर आले होते. दोन भाग मी खेळले, चांगली खेळले. तिसरा भाग सुरू व्हायच्या आधी मी स्वतःहून गोल सोडून बाकाकडे आले आणि साइमीला म्हणाले, "जा."

"लागलं का तुला?" ती घाबरून म्हणाली.

"नाही. जा, गोल तुझा."

प्रशिक्षक कात्रीला मी आदल्या दिवशीच सगळे सांगितले होते. ती डोळे पुसत म्हणाली होती, "वेडी आहेस. मीही हेच केलं असतं." साइमीने एकही गोल होऊ दिला नाही.

सामना संपल्यावर बाबा धारेच्या खोलीत वाट पाहत होते.

"गुडघा का?" त्यांनी विचारले.

"नाही. खेळणं सोडलं. करार परत केला."

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही म्हणालात विषय संपला. मग कोणाला विचारू?"

बाबा चिडले. इतके चिडलेले मी त्यांना पंचांवरसुद्धा पाहिले नव्हते. म्हणाले, ही जबरदस्ती आहे. असेलही. वर आरंभी लिहिलेल्या प्रश्नाचे उत्तर मला कालही सापडले नाही. मी फक्त एवढेच म्हणाले, "तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, मी आता गोलात परत उभी राहणार नाही. तुमच्या नकारानं माझा खेळ वाचत असता, तर गोष्ट वेगळी. आता त्यानं काहीच वाचत नाही."

त्यांनी चाकावर फडके टाकले. मग नाक शिंकरून म्हणाले, "हेलसिंकीला गाडी कोण चालवणार? तात्तु चालवणार असेल तर मी आगगाडीनं येतो."

याला मी होकार समजते; तात्तुने कृपया बाकीचे मनाला लावून घेऊ नये.

मृत्युपत्रातली कलमे माणूस गेल्यावर अमलात येतात. हे एक कलम त्याला अपवाद आहे. माझ्या वडिलांच्या नकाराचे एकमेव कारण माझा खेळ होता, आणि तो मी, पूर्ण शुद्धीवर, काल दुपारी बर्फावरून चालत बाहेर येऊन संपवला आहे.

मृत्युपत्र करणार: इंका राउतिओला (सही)

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना इंकाने वरील कागदावर सही केली. ती शुद्धीत आहे, फक्त फार हट्टी आहे. या कागदातून आम्हाला काही मिळत नाही. कंगास बाईंना मिळाले तर काम मिळेल, त्याला मालमत्ता म्हणत नाहीत.

साक्षीदार:
१. तेल्लेर्वो कंगास, निवृत्त शिक्षिका (सही)
२. यूहा-पेक्का वित्तानिएमी, संघाच्या बसचा चालक (सही)

स्थळ: कोर्तेयार्वी बर्फगृह, कॉफीचे दालन
दिनांक: ५ जानेवारी २०२६