पहाडावरून दिसलेल्या मिरच्या

गुरुजी,

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या तिरडीमागे सगळी शाळा गेली होती. मी गेलो नव्हतो. बैल सोडायचं निमित्त सांगून शेतात बसून राहिलो होतो. आज मी बालाघाटला एका छापखान्यात कंपोझिटर आहे. शिशाची उलटी अक्षरं जुळवून लग्नपत्रिका आणि बाजाराची हस्तपत्रकं लावतो. दिवसभर ही इवली इवली अक्षरं, आम्ही त्यांना खिळे म्हणतो, निवडतो आणि चूक क्वचितच निघते. माझे डोळे चांगले आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं डोळ्यांबद्दलच आहे.

गेल्या महिन्यात मी आपल्या गावामागचा पहाड पुन्हा चढलो. छमाही परीक्षा झाली की दरवर्षी तुम्ही आम्हाला तिथं न्यायचात, तोच. त्याला तुम्ही सहल म्हणायचात. तुमच्या हातात फक्त छडी. तुमचा पाण्याचा तांब्या, बसायची सतरंजी आणि फराळाचा डबा आमच्या डोक्यावर. खाली नाल्यापाशी तुम्ही आम्हाला एका ओळीत उभं करता आणि दरवर्षीचं वाक्य म्हणता, "वर पोचेपर्यंत कोणी मागे वळून पाहायचं नाही. अर्धवट पाहणारा माणूस जन्मभर अर्धवट राहतो." मग आम्ही पुढच्याच्या टाचांकडे पाहत चढतो. आधी बांबू, मग पायाखालून घसरणारा मुरूम, आणि शेवटी तो उभा खडक, जिथं झाडाची मुळं धरून स्वतःला वर ओढून घ्यावं लागतं. माझ्या तळहातांना घाम सुटतो, मूळ निसटेल असं वाटतं, आणि मागे तुमची छडी दगडावर टकटक वाजत असते. वर पोचल्यावरही सुटका नाही. दरीकडे पाठ करून उभं राहायचं, आणि तुम्ही छडी आपटली की सगळ्यांनी एकदम वळायचं. मग तुम्ही सांगाल ते पाहायचं. "ती वैनगंगा, चांदीच्या पट्ट्यासारखी. तो लांबचा काळा डाग म्हणजे भरवेलीची खाण. आणि पायथ्याशी तुमचं गाव. पाहा किती क्षुल्लक आहे."

मी पहिल्यांदा आलो त्या वर्षी वर धुकं होतं. छडी आपटली, आम्ही वळलो, तर समोर नुसता कापूस. शेजारचा पोरगा हळूच म्हणाला, "काही दिसून राह्यलं का बे?" मी म्हणालो, "मले तं तुहं नाक बी दिसून नाही राह्यलं." तेवढ्यात तुम्ही छडीनं धुक्यात नदी दाखवली, खाण दाखवली, गाव दाखवलं, आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "हौ, गुरुजी." तुम्ही माझ्याकडे वळलात. "कशी दिसते वैनगंगा?" मी म्हणालो, "चांदीच्या पट्ट्यासारखी, गुरुजी." तुम्ही खिशातली लाल-निळी पेन्सिल काढून मला दिलीत. शाबासकीची. ती मी कित्येक दिवस टोक काढायला लागू नये म्हणून वापरलीच नाही.

पुढच्या वर्षी मात्र आभाळ स्वच्छ होतं. तुम्ही नदीपासून सुरुवात केली आणि मी माझं घर शोधत होतो. मोहाचं झाड सापडलं, त्याच्या डावीकडे गोठा, आणि गोठ्याच्या छपरावर, कवेलूंवर, लाल ठिपका. माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुजी, मायनं मिरच्या वाळू घातल्या."

तुम्ही थांबलात. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिथं दोरा बांधलेला असे. तो कानावर नीट बसवून तुम्ही बराच वेळ खाली पाहिलंत. मला वाटलं, शोधताहेत. "इतक्या दुरून मिरच्या दिसत नसतात," तुम्ही म्हणालात. "खोटं बोलू नकोस."

"दिसून राह्यल्या गुरुजी. त्या पाहा ना तिकडं."

"आणखी कोणाला दिसतात?"

धुक्यात नदी पाहणारी तीच सगळी पोरं. एकालाही मिरच्या दिसल्या नाहीत. माझा शेजारी वाकून पायातला काटा काढू लागला, आणि त्याच्या पायात काटा नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलो असतो. पण दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात. बाबांनी खाट टाकली. तुमच्यासाठीच ठेवलेल्या कपबशीत चहा आला. तुम्ही बाबांना म्हणालात, "मुलगा खोटारडा आहे. आणि वर तोंड करून खोटं बोलतो. याला पुढं शिकवून पैसे बुडवू नका." माय चुलीपासून म्हणाली, "अवो गुरुजी, मिरच्या तं घातल्या होत्या जी मी. खरंच घातल्या होत्या." तुम्ही बशीतला घोट संपवून म्हणालात, "घातल्या असतील, बाई. दिसत नाहीत." बाबांची शेती पहाडाच्या पायथ्याला लागून होती. सकाळी उठून स्वतः चढून पाहिलं असतं तर दुपारच्या जेवणाला परत आले असते. पण ते म्हणाले, "गुरुजी खोटं बोलतीन का?" पावसाळ्यात बाकीची पोरं किरनापूरच्या शाळेत गेली आणि मी बैलांमागे गेलो. पुढं मामानं छापखान्यात चिकटवलं नसतं तर तिथंच असतो.

तुम्हाला दिसत नव्हतं, गुरुजी. हे मला फार उशिरा कळलं, खिळे जुळवता जुळवता. तुम्ही आमच्या पाट्या नाकाला लावून वाचायचात. दारात कोणी उभा राहिला तर आधी "कोण रे?" विचारून मग रागवायचात. त्या पहाडावर धुकं असो की ऊन, तुमच्यापुढं सारखंच पांढरं होतं. कोणीतरी कधीतरी तुम्हाला सांगितलेली नदी तुम्ही दरवर्षी आम्हाला म्हणून दाखवत होतात. याची कोणाला कीव येईल. मला येत नाही. ज्याला दिसत नाही त्याला हात धरून मी जन्मभर वर नेलं असतं. पण आपल्याला दिसत नाही हे झाकायला तुम्ही दिसणाऱ्या पोराला खोटा ठरवलंत आणि वर त्याच्याच घरचा चहा प्यालात.

म्हणून मी गेलो. मायला म्हणालो, रविवारी गोठ्यावर मिरच्या घाल. ती म्हणाली, "अजून तेच घेऊन बसला का रे?" पण घातल्या. लग्नाला वर्ष झालेलं नाही, बायको कटंगीकडची, तिला पहाडाची हौस. पदर खोचून ती माझ्यापुढं चढत होती. मुरुमाच्या चढणीवर ती सारखी वळून पाहायची. "अवो, किती दूरवर दिसते जी. तुमी बी पाहा ना."

"मागं पाहू नको," मी म्हणालो.

"काहून?"

"वर जाऊन पाह्यचं असते."

खडकापाशी माझे तळहात पुन्हा ओले झाले. तीच आधी वर गेली आणि वाकून हात दिला. "धरा. काय पाहून राह्यले मुळाकडं?"

वर वारा होता आणि आभाळ स्वच्छ. वैनगंगा चांदीच्या पट्ट्यासारखी नाही, गुरुजी. हिवाळ्यात ती रुंद पिवळ्या वाळूत एका कडेनं सरकणारी मळकट धार आहे, आणि तशीच फार सुंदर आहे. कापलेल्या धानाचे बांध शिवणीच्या टाक्यांसारखे दिसतात. भरवेलीकडं नुसता धूसरपणा आहे, डाग वगैरे काही नाही. आणि मोहाच्या डावीकडं, गोठ्यावर, लाल. कुंकवाच्या बोटाएवढं, पण लाल. मी खालीच बसलो.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि घरात ठेवलं तर बायको वाचेल, म्हणून सकाळी चुलीत घालणार आहे. तिनं वाचू नये असं त्यात एवढंच आहे. ती त्या वेळी नदीकडं पाहत होती. मी तिचे खांदे धरून तिला गावाकडं वळवलं, बोट लांब केलं आणि म्हणालो, "तो मोह. त्याच्या डावीकडं. लाल दिसते ना?" तिनं डोळे बारीक केले. मग म्हणाली, "हौ जी. दिसलं." तो सूर मी ओळखतो. आम्ही सगळ्यांनी तो धुक्यात लावला होता. तिला खरंच दिसलं का, हे मी पुन्हा विचारलं नाही. मला फार बरं वाटलं, आणि मी डब्यातला सगळ्यात मोठा तिळाचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला.