बाबांचा चौदा मिनिटांचा व्हिडिओ

अंबरनाथ पूर्व
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी बरे असाल. आम्ही ठीक आहोत.

आज सकाळी साडेसातला उठले. आई काल दुपारीच वेणू आत्याकडे गावी गेली. वाल काढायला आलेत, म्हणून आत्याने बोलावलं. मीच म्हटलं जा, तेवढाच तिला बदल. उद्या संध्याकाळी येईल. मी कपडे धुतले, बाल्कनी झाडली. दुपारी भात आणि सुकट केली. मग थोडा वेळ झोपायचा प्रयत्न केला. आता चार वाजले आहेत आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून हे लिहितेय.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर मला जमलं नसतं. मी दोन वाक्यं बोलले की तू "बरं बरं, तू जेवलीस का" म्हणतोस आणि मग मला पुढचं सांगता येत नाही. मेसेज केला असता तर तू वाचलास की नाही हे बघत बसले असते.

आईची शुगर मागच्या आठवड्यात तपासली, एकशे चाळीस आली. गोळी चालू आहे. बाबांच्या पेन्शनचे कागद आईच्या नावावर करायचे काम अजून व्हायचंय. बँकेत दोनदा जाऊन आले. मॅनेजर नवीन आहे, पण चांगला बोलतो.

दादा, तू माझ्याकडे तो व्हिडिओ तीन वेळा मागितलास. कॉलेजच्या कामासाठी मी बाबांचा काढला होता तो. पहिल्यांदा मी म्हटलं कॉलेजच्या कॉम्प्युटरवर आहे. दुसऱ्यांदा म्हटलं फाइल खराब झाली. संक्रांतीला तू विचारलंस तेव्हा मी ऐकू आलं नाही असं केलं. फाइल खराब झालेली नाही. पहिल्या दिवसापासून ती माझ्याच लॅपटॉपवर आहे.

मी का दिली नाही ते सांगायला हे पत्र आहे. पण आधी माझं कॉलेजचं काम काय असतं ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. तू नेहमी म्हणतोस, "ॲपला रंग द्यायला दोन वर्षं शिकावं लागतं होय?" रंग वगैरे शेवटी येतं. आम्ही आधी माणसं बघतो. माणूस एखादी गोष्ट वापरताना कुठे अडतो, कशाला घाबरतो, कुठे चुकतो, ते शेजारी बसून बघायचं, लिहून काढायचं आणि मग ती गोष्ट सुधारायची.

त्याचा एक नियम आहे. माणूस अडला तरी मदत करायची नाही. त्याने विचारलं तरी सांगायचं नाही. आपण बोट दाखवलं की तो अडलाच नसता असं होतं, आणि मग चूक सापडत नाही. मनातल्या मनात आकडे मोजायचे आणि थांबायचं. वर्गातल्या बाकीच्यांना हे फार जड जातं. त्यांच्या तोंडून "तिथे नाही, खाली बघा" असं निघूनच जातं. माझ्या तोंडून कधी निघालं नाही. आमच्या राजसी मॅडम एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उन्नतीसारखं गप्प बसायला शिका." मला लहानपणापासून सगळे घुमी म्हणत आलेत. घुमेपणाबद्दल कोणी पहिल्यांदाच कौतुक केलं होतं. ते मी घरी येऊन बाबांना सांगितलं होतं.

नोव्हेंबरचं काम हयातीच्या दाखल्याचं होतं. पेन्शनवाल्यांनी दर वर्षी आपण जिवंत आहोत हे कळवायचं, ते मोबाइलवरून सोपं कसं करता येईल, यासाठी मी एक नमुना ॲप बनवलं होतं. खरं नव्हे, फक्त पडदे आणि बटणं. ते पाच पेन्शनरांना वापरायला द्यायचं होतं. चार झाले. त्यातले एक जवळच्या कॅम्प पाच वस्तीतले परसराम अंकल. ते चहा पीत मला म्हणाले, "बेटी, मैं तेरे सामने बैठा हूँ, बिस्किट खा रहा हूँ, और सरकार को सबूत चाहिए?" मग एका ठिकाणी अडले आणि चिडले. "बोल ना, गूँगी है क्या?" त्यांची बायको आतून ओरडली, "चुप रहने वाली लड़की है, अपने को ऐसी बहू मिलनी चाहिए थी." आत सून भांडी घासत होती, तिने भांडं जोरात आपटलं. हे मी घरी सांगितलं तर बाबा डोळे पुसेपर्यंत हसले.

पाचवे बदलापूरचे एक काका होते. त्यांनी मंगळवारी सकाळी फोन करून नाही म्हटलं, घरी पाहुणे आलेत म्हणून. मला बुधवारी मॅडमना पाच पूर्ण दाखवायचे होते. घरचं माणूस घेऊ नये असं आम्हाला सांगितलेलं असतं. तरी मी बाबांना घेतलं.

मंगळवारी ११ तारखेला चार वाजता, याच टेबलावर. व्हिडिओ आहे म्हटल्यावर बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना पाणी लावून भांग पाडला. मी म्हटलं, फक्त हात दिसणार आहेत. तरी म्हणाले, "असूंदे." मग मी आमचा ठरलेला मजकूर वाचून दाखवला. आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, ॲपची घेतोय, चुकलं तर चूक ॲपची. जे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. बाबा म्हणाले, "म्हंजे मी नापास नाय होनार. मंग चल."

पहिली आठ-नऊ मिनिटं छान आहेत. ते प्रत्येक शब्द मोठ्याने वाचतात. नाव लिहिताना म्हणतात, "भगवंत. परमेश्वर जिवंत हाय का इचारतायत, बगा." तुला हवा आहे तो आवाज तिथे आहे.

मग "पुढे" असं बटण येतं. ते दाबायचं होतं. बाबांचं बोट बटणाच्या शेजारी पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा शेजारी. चार वेळा. ते म्हणाले, "बटन पलतंय गो." मग उजवा हात वर धरून बघितला, मांडीवर घासला, पुन्हा प्रयत्न केला. बोट घसरलं. ते म्हणाले, "हात आयकत नाय माजा."

मी आकडे मोजत होते.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "उन्नती, सांग ना गो." मी गप्प. त्यांना वाटलं हाही परीक्षेचाच भाग आहे. हसले आणि म्हणाले, "सांगनार नाय? बरं." हसताना तोंड जरासं एका बाजूला गेलेलं आहे. ते तेव्हा मला दिसलं नाही, माझं लक्ष बोटाकडे होतं. मग त्यांनी फोन डावीकडे घेतला आणि डाव्या हाताने बटण दाबलं. पुढचं सगळं डाव्या हाताने केलं.

दादा, हे मला ऐकू आलं नाही असं नाही. मी ते लिहून घेतलं. आमच्याकडे माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहायचा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, "हात ऐकत नाही माझा." आणि समोर कारण लिहिलं, बटण लहान आहे.

रेकॉर्डिंग बंद केल्यावर त्यांनी विचारलं, "पास ना?" मी म्हटलं, तुम्ही पास, ॲप नापास. मग ते जाऊन पडले. सात वाजता उठले तेव्हा नीट होते. दोन्ही हातांनी भाकरी मोडून जेवले. मी त्या वेळात बटण मोठं केलं आणि डावीकडेही एक बसवलं.

गुरुवारचं तुला माहीत आहे. सकाळी न्हाणीघराच्या दारात पडले. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आईला आणि मला विचारलं, "दोन-तीन दिवसांत काही झालं होतं? हातातली शक्ती जाणं, तोंड वाकडं होणं? थोड्या वेळात आपोआप बरं झालेलं?" आई म्हणाली, नाही हो, काल तर बाजारातून मासे घेऊन आले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तोवर मला कळलं होतं. त्यांनी विचारलं त्याच क्षणी कळलं. मी म्हटलं, नाही.

शुक्रवारी दुपारी ते गेले. तू सहा वाजता पोचलास.

डिसेंबरमध्ये मी एकटीच दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, दोन दिवस आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण औषध सुरू झालं असतं, बऱ्याच जणांचा मेंदूचा मोठा झटका त्यामुळे टळतो. त्यांनी "बऱ्याच जणांचा" म्हटलं. मला ते तुला कमी करून सांगायचं नाही.

त्याच महिन्यात कॉलेजात सादरीकरण होतं. मी गेले. न जाण्याचं कारण सांगावं लागलं असतं, म्हणून गेले. आमच्या अहवालात माणसांची नावं नसतात. बाबा तिथे "पाचवी व्यक्ती, पुरुष, ६३, निवृत्त" आहेत. मी त्यांच्या हाताचा एक मिनिटाचा तुकडा मोठ्या पडद्यावर दाखवला. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, वयस्कर माणूस थकला की हात बदलतो, हे फार बारीक निरीक्षण आहे. टाळ्या वाजल्या. सगळ्यात जास्त गुण मला मिळाले. तू फोनवर अभिनंदन केलंस तेव्हा मी आईकडे फोन दिला, ते यामुळे.

हे मी कोणालाच सांगणार नव्हते. आईला अजूनही सांगितलेलं नाही, आणि कधी सांगायचं ते तू म्हणशील तसं. पण गेल्या रविवारी तेजस्वी वहिनीचा फोन आला. ती म्हणाली, तू जेवतानाही फोन ताटाशेजारी ठेवतोस, शिफ्टमध्ये फोन आत नेऊ देत नाहीत म्हणून सुपरवायझरशी भांडलास. आणि म्हणाली, "त्यांच्या डोक्यात बसलंय, बुधवारी बाबांचा फोन उचलला असता तर बोलण्यावरून कळलं असतं."

दादा, कळलं नसतं. बुधवारी बाबांनी तुला फोन लावला तेव्हा मी शेजारी बसले होते. त्यांचं बोलणं स्वच्छ होतं. त्यांना तब्येतीचं काही सांगायचं नव्हतं. तुला सांगायचं होतं की हयातीचा दाखला आता आपला आपण मोबाइलवर करता येतो, पोरीने शिकवलं. खरं ॲप नाही, नमुना आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं, तरी त्यांना तसंच सांगायचं होतं. तू उचलला नाहीस तर म्हणाले, "कामावर असंल. करंल मंग." आणि पेपर वाचायला घेतला. रागावले नाहीत, वाईटही वाटलं नाही त्यांना. त्या फोनमध्ये तुझं काही चुकलेलं नाही. तीन महिने तू ते स्वतःवर घेऊन बसलास, आणि मला खरं माहीत असून मी तुला बसू दिलं. मंगळवारचं मला वेळेवर कळलं नाही म्हणून तू कदाचित मला माफ करशील. या तीन महिन्यांचं तसं म्हणता येणार नाही.

उद्या मी राजसी मॅडमना भेटणार आहे. माझं ते निरीक्षण त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना उदाहरण म्हणून शिकवतात. ते बटणाचं नव्हतं, हे त्यांना सांगायला हवं. पाचवी व्यक्ती काढून टाका म्हणेन. पुढे कॉलेज चालू ठेवायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. फी भरलेली आहे, आणि बाबांची इच्छा होती, पण दुसऱ्या कोणाशेजारी तसं बसणं मला आता जमेलसं वाटत नाही.

व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घालून या पत्रासोबत पाठवतेय. नवव्या मिनिटाला थांबवून तेवढाच तुला द्यावा असं मनात आलं होतं. कापायला दोन मिनिटंही लागली नसती. कापलेला नाही, पूर्ण चौदा मिनिटं आहे. पुढचं बघायचं की नाही ते तू ठरव. बघितलास तर एकटा असताना बघ, वहिनीला आधी सांगून ठेव. नवव्या मिनिटानंतर माझा आवाज त्यात शेवटपर्यंत येत नाही.

लगेच काही लिहू नकोस. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस, मला ते चालेल असं नाही, पण मी समजून घेईन. आईला मात्र रविवारचा फोन करत जा, ती साडेआठपासून वाट बघते.

नळाला पाणी आलंय. आज तासभरच येणार आहे. आई नाही, त्यामुळे पिंप, हंडा आणि बाटल्या मलाच भरायच्या आहेत. त्या भरते.

तुला खरं सांगायला उशीर केलेली,
उन्नती