नऊ दिवस बंद असलेली लिफ्ट

२३ मे, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. भाचीचा निकाल चांगला लागला असणारच, तिला माझ्याकडून शाबासकी दे. मी ठणठणीत आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मध्येच बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून पत्र.

बातमी अशी की सहा दिवस पारा सेहेचाळीसच्या खाली आला नाही आणि माझ्याकडे ज्या चार इमारतींच्या लिफ्टची देखभाल आहे, तिथला एकही माणूस दगावला नाही. एकही नाही, ताई. कालपासून मला एका जागी बसवत नाहीये. भेटेल त्याला सांगत सुटलोय. न्हाव्याने तर अर्ध्या दाढीवर हात जोडले, म्हणाला, आता गप्प बसा, नाहीतर कापेल.

उन्हाळा लागायच्या आधीच मी कामाला लागलो होतो. लिफ्टवाल्याला एक बरं असतं, कुणाचंही दार वाजवलं तरी लोक आत घेतात. चौथ्या मजल्याच्या वर एकटं राहणारं कोण कोण आहे, ते दारोदार जाऊन लिहून घेतलं. तेवीस जण निघाले. त्यातल्या अर्ध्यांची नावं शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हती. मग कोपऱ्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना गाठलं. शाळेचा तळमजला जाड भिंतींचा, गारेगार, आणि सुट्टीत कुलूप लावून पडलेला. बाई म्हणाल्या, "अहो, बाकं लहान मुलांची आहेत. म्हाताऱ्यांचे गुडघे अडकतील."

मी म्हटलं, "अडकले तर सोडवीन. माझा धंदाच तो आहे."

त्यांनी किल्ली दिली. पाण्याची पिंपं भरली, पंखे आणले, दवाखान्यातल्या एका नर्सबाईंना पटवलं. सकाळी दहाच्या आत सगळ्यांना खाली आणायचं आणि ऊन उतरलं की परत घरी सोडायचं, असा नेमच ठरला.

चौथ्या दिवशी दुपारी दोनला वीज गेली. शाळेत बावीस डोकी होती. न आलेले एकच, आठव्या मजल्यावरचे निवृत्त तिकीट तपासनीस. "चाळीस वर्षं मी लोकांना खाली उतरवलं, मला कोण उतरवतो बघू," असं म्हणून आजोबा घरीच बसलेले. मी आठ मजले पळत चढलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आजोबा खुर्चीत, अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, आणि मला विचारतायत, कुठलं स्टेशन आलं? मी, वॉचमन आणि दोघे शेजारी, चौघांनी त्यांना खुर्चीसकट जिन्याने उतरवलं. पाचव्या मजल्यावर माझे हात सुटायला आले होते. खाली नर्सबाईंनी दोन बाकं जोडून त्यांना आडवं केलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, आणि मुख्याध्यापिकाबाई वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत राहिल्या. ॲम्ब्युलन्स यायच्या आत आजोबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "फारच अरुंद बर्थ दिलाय." सगळे हसत सुटले. मलाही हसू आलं आणि मग थांबेना, रडूच आलं.

काल ते घरी परतले. तेव्हा नर्सबाई सहज बोलून गेल्या, "मागच्या वर्षी ह्याच चार इमारतींतून पाच जण गेले. ऊन काही वेगळं नव्हतं."

त्या पाचांत आपली आई होती, हे त्यांना माहीत नाही.

ताई, वर्षभर तू माझी समजूत काढतेस. "ऊनच तसलं होतं रे, तू तरी काय करणार होतास?" मी तुला तसं बोलू दिलं. आता न थांबता लिहितो, नाहीतर परत राहील.

आईची लिफ्ट बिघडली नव्हती. ती मी बंद केली होती. तिकडे आमच्या कंपनीकडच्याच ऑफिसांच्या मोठ्या इमारतीत लिफ्टचं कंट्रोल कार्ड, ज्याच्यावर लिफ्ट चालते ते, जळालं, नवीन यायला वेळ होता आणि सुपरवायझर माझ्या डोक्यावर बसला होता. आईच्या लिफ्टमध्ये तसलंच कार्ड होतं. मी ते काढलं आणि तिकडे बसवलं. दोन दिवसांचा प्रश्न आहे, असं आईला सांगितलं. ती म्हणाली, "ने की. मला कुठे जायचंय?"

नऊ दिवस गेले. तिच्या गुडघ्यांनी सात मजले उतरणं शक्यच नव्हतं. मी दोनदा पाणी आणि फळं देऊन आलो. आठव्या दिवशी फोनवर म्हणाली, "खोली फार तापलीय रे. थोडा वेळ खाली बसावंसं वाटतं." मी म्हटलं, उद्या चालू करतो. आणि खरंच केली. नव्या कार्डावर लिफ्ट सुरू करून तिच्यातूनच वर गेलो, आईला सांगायला. पुढचं तुला माहीत आहे.

दाखल्यावर ऊन लागून मृत्यू असं लिहिलंय. ते खोटं नाही. पण तिला त्या उन्हात कोंडून मी ठेवलं.

काल सुपरवायझरला हे सांगितलं. तो म्हणाला, "वर्ष झालं, कशाला उकरून काढतोस? कार्डं सगळेच फिरवतात." म्हटलं, म्हणूनच. आज सकाळी आईच्या इमारतीतल्या लिफ्टच्या नोंदवहीत त्या तारखेसमोर खरं कारण लिहून सही केली. तिथे माझ्याच अक्षरात 'दुरुस्तीसाठी बंद' असं होतं. रविवारी तिथल्या रहिवाशांची बैठक आहे, तिथेही उभा राहून सांगणार आहे. त्याच नऊ दिवसांत त्या इमारतीतले आणखी दोघे गेले. त्यांची मुलं समोर असतील. नोकरी बहुतेक जाईल. पण इथून पुढे प्रत्येक इमारतीत एक जादा कार्ड राहिलंच पाहिजे, हे लिहून घेतल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

तरी ह्या तेवीस जणांचा आनंद खोटा समजू नकोस. तो खरा आहे, आणि हेही खरं आहे. माफ कर असं लिहायला घेतलं आणि खोडलं. आई तुझीही होती. तुला वाटेल तितकं चीड, वाटेल ते बोल. फक्त हे तुला माझ्याकडून कळावं, दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको, एवढ्यासाठी आजच टाकतोय.

बैठक सकाळी दहाला आहे. आलीस, तर मागे बसू नकोस. मला दिसशील अशी बस.

तू म्हणशील तोवर तुझा,
धाकटा