स्लॅबवरचं पाणी

मल्लेश्वर, बंगलोर
ता. ३ एप्रिल १९६१

ती. गं. भा. शारदाआत्या हिस पद्माकरचा शि. सा. न. वि. वि.

काल राजाजीनगरच्या नव्या घराचा स्लॅब पडला. म्हणजे कोसळला नव्हे, ओतून झाला. त्यावर मातीचे बांध घालून पाणी साठवलं आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ओलं राहून होतं. उन्हानं सुकलं तर तडे जातात. तोवर खालचे टेकूही काढता येत नाहीत, खोल्यांत नुसते वासे उभे आहेत. स्लॅब झाला की तुला कायमची इकडे आणीन म्हणालो होतो, ते आता जूनवर गेलं.

कळावे, माया कमी करू नये.
तुझा पद्माकर

मिरज, ता. ९ एप्रिल

चि. पद्माकर यास अनेक आशीर्वाद.

राग नाही. या घरून त्या घरी जाताना पुष्कळ कारणं ऐकली. तुझ्या रत्नाकरदादाकडे मुलांच्या परीक्षा होत्या, तुझ्या बहिणीकडे, नीलाकडे, विहीर आटली होती. तुझ्याकडे पाणी जास्त झालं. तू इंजिनियर, तेव्हा तुझं खरं. बांधलेली वळकटी सोडली. रत्नाकर राहू देईल तोवर इथेच आहे.

सुखी असा.
शारदाआत्या

बंगलोर, ता. १४ एप्रिल

ती. आत्याबाईंस हेमलताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून ह्यांनी सिमेंटवर चार पानं लिहिली. ती पाठवत नाही. माणूस दुखावलं की त्याला शास्त्र समजावायचं, एवढंच ह्यांना येतं. काल रात्री जेवले नाहीत. आत्याला मी नकोशी केली, असं म्हणाले.

स्लॅबचं सगळं खरं आहे. मल्लाप्पा मेस्त्रीही तेच सांगतो. पण तुम्ही स्लॅबसाठी थांबू नका. मल्लेश्वरात आमची भाड्याची एक खोली आहे, नळ सामायिक. इथले म्हणतात तशी स्वल्प अडचण होईल. खरं तर बरीच होईल. तरी या.

आपली लेक समजावे.
हेमलता

मिरज, ता. १९ एप्रिल

चि. सौ. हेमलता हिस अनेक आशीर्वाद.

सोय झाली की या, असं मला सगळेच लिहितात. अडचण होईल तरी या, असं कुणी लिहिलं नव्हतं. पत्र दोनदा वाचलं आणि रडले.

मंगळवारच्या गाडीनं निघते. पद्माकरला जेवायला घाल. रत्नाकरनं विचारलं, परत कधी येणार. येणार नाही म्हणून सांगितलं.

उभयतांस आशीर्वाद.
शारदाआत्या