वाटेचे गाणे

चांदा, ६ जानेवारी १९५७

चि. रंभा हिस आत्याचा आशीर्वाद.

तुझे पत्र नाही म्हणून नागपूरला तुझ्या सरांनाच लिहिले. त्यांचे उत्तर तुझ्याआधी आले. गोंडांच्या मृत्युगीतांवरचा तुझा प्रबंध शेवटच्या प्रकरणाशी अडून बसला आहे आणि उन्हाळ्याआधी आला नाही तर विद्यापीठातून तुझे नाव निघेल, असे ते म्हणतात. तुझे वडील आता उघड विचारतात, की मुलीला जंगलात ठेवून काय मिळवले. गुणवंतराव माझा धाकटा भाऊ म्हणून त्याला अजून थोपवून धरले आहे. कारण कळव. रडगाणे नको. केसांना तेल लावत जा.

तुझी आत्या, भागीरथा


कोसमी, ता. गडचिरोली, २० जानेवारी

ती. आत्याबाईंना रंभाचा शि. सा. नमस्कार.

मेलेल्या माणसाला पूर्वजांच्या गावापर्यंत पोचवणारे गाणे इथे एकट्या सोमारीबाईंना येते. प्रेत दारात असेल तेव्हाच ते म्हणायचे. एरवी म्हटले तर घरातले कुणीतरी त्या वाटेला लागते, असा गावाचा नियम. दिवाळीनंतर गावातला लालसू वारला तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून एकदाच ऐकले. शिकायच्या पोरी बांबूच्या कामावर गेल्या होत्या. पेन्सिल ठेव आणि माझ्या मागे म्हण, असे सोमारीबाई मला म्हणाल्या. शब्द सुटतील या भीतीने मी लिहीतच राहिले. शब्द मिळाले, चाल गेली. चालीशिवाय सर प्रकरण घेत नाहीत.

आता गावात दुसरे मरण होईपर्यंत थांबायचे. शेजारचे मुखरूभाऊ तापाने अंथरुणाला खिळले आहेत. मी रोज सकाळी त्यांची चौकशी करायला जाते. त्यांची बायको इतवारी मला मायाळू समजते. मी कशासाठी जाते ते तुम्हाला कळले असेल.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

रंभा


चांदा, २९ जानेवारी

चि. रंभास आशीर्वाद.

कळले. तुझे पत्र चुलीत घातले, गुणवंतरावाच्या हाती पडायला नको. चामोर्शीचे वारलू गुरुजी तिकडे येत आहेत, त्यांच्याबरोबर मुखरूसाठी तापावरचे कोयनेल पाठवते. चौकशी बंद, औषध सुरू. उपाशीपोटी देऊ नकोस. सोमारीबाईंना गळ घालायची नाही. पदवी गेली तर गेली. तिच्यासाठी कुणी मरावे एवढी ती मोठी नाही. मी बी. ए. झाले तेव्हा चांद्यात कुणी दिवे लावले नव्हते.

आत्या


कोसमी, १८ मार्च

ती. आत्याबाईंना नमस्कार.

मुखरूभाऊ हिंडूफिरू लागले. सोमारीबाई मात्र गेल्या. मोहफुले वेचताना बसल्या जागी कलंडल्या.

प्रेत दारात ठेवले आणि सगळे वाट पाहत बसले. मला वाटले, दुसऱ्या गावाहून गाणारे कुणी यायचे आहे. मग मुखरूभाऊ माझ्याकडे वळले. “बाई, लालसू गेला तवा तू तिच्या उजव्या अंगाले बसली होती. ते शिकनारीची जागा हाये. आता तूच म्हन.”

ती जागा मी नीट ऐकू यावे म्हणून धरली होती. मागे म्हण असे त्या का सांगत होत्या, ते तेव्हा कळले. मी वही आणून शब्द वाचू लागले. थोड्या वेळाने मुखरूभाऊंनी हलकेच थांबवले. “राहू दे बाई. हे तं बोलनं झालं. बोलन्यानं वाट दिसत नाई.”

कुणी रागावले नाही. गाण्यावाचूनच त्यांना माती दिली. इतवारी अजून मला जेवायला बोलावते. मला जाववत नाही.

सरांना कळवले होते. ते लिहितात, गाणारे आता कुणीच उरले नाही, तेव्हा चाल नसली तरी प्रकरण अमोल आहे. ताबडतोब पाठवा.

काय करू?

रंभा


चांदा, २५ मार्च

चि. रंभास आशीर्वाद.

प्रकरण पाठवायचे की नाही, ते तूच ठरव. मुखरू गेला असता तर चाल मिळाली असती, पण तो वाचला याचे क्षणभरही वाईट वाटून घेऊ नकोस, एवढेच ठाम सांगते. सरांचे पत्र गुणवंतरावालाही आले. मुलगी डॉक्टर होणार म्हणून त्याने पेढे वाटले. माझा पेढा फडताळात तसाच आहे. ये. मी काही विचारणार नाही.

आत्या