मनोरीच्या जागी गोराई

बाबा, तुम्ही घरात मालवणी बोलणं बंद केलंत, ते नेमकं कोणत्या दिवसापासून हे मला बरेच महिने कळलं नव्हतं. आई तुम्हांला विचारायची, ‘जेवतल्यात ना?’ आणि तुम्ही म्हणायचात, ‘हो, वाढ.’ कचेरीत साहेबाला उत्तर द्यावं तसं. घाटकोपरच्या त्या दीड खोलीत आपण तिघं, आणि त्यातला एक माणूस अचानक पुस्तकातल्यासारखं बोलायला लागलेला. आईला वाटलं, बढती मिळाली म्हणून असेल.

बढती नव्हती. तुम्ही सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होतात. गिरण्यांचा संप सुरू होऊन बरेच महिने झाले होते, तेव्हा एका साहेबाने तुम्हांला बोलावून विचारलं, ‘तुम्ही मालवणकडचे ना?’ कामगारांच्या एका कार्यालयातला फोन चोरून ऐकला जात होता. त्यावर बोलणारे बहुतेक कोकणातले. टेप भरत होत्या, पण ऐकणाऱ्याला अर्ध्या शब्दांचा अर्थ लागत नव्हता. तुम्हांला वरच्या मजल्यावरची एक खोली दिली, टेपरेकॉर्डर दिला, कानांवर लावायला हेडफोन दिले. मालवणी ऐकायचं आणि शुद्ध मराठीत टाइप करून द्यायचं. तुम्ही संध्याकाळी घरी यायचात तेव्हा कान लाल झालेले असायचे. मी रेडिओ लावला की तुम्ही उठून बंद करायचात.

त्याच दिवसांत तुम्ही मला मारलंत. आयुष्यात एकदाच. शेजारच्या काकूंचं अंतर्देशीय पत्र चुकून आपल्याकडे आलं होतं. मी ते न फाडता, कडेने फुगवून आतल्या चार ओळी वाचल्या आणि आईला हसत सांगायला लागले. तुमचा हात इतक्या जोरात बसला की माझी रिबीन सुटली. ‘दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही,’ तुम्ही म्हणालात, ‘कधीच नाही. कळलं?’ मी चौदा वर्षांची होते. मला वाटलं, एवढं काय त्यात.

मग एका मंगळवारी जेवताना तुम्ही आईला सहज विचारलंत, ‘तुझ्या वहिनीचा ताप उतरला का गं?’ आई म्हणाली, ‘वहिनीक ताप? तुमका कोणी सांगल्यान?’ तुम्ही म्हणालात, कोणीतरी भेटलं होतं. गुरुवारी एक अनोळखी माणूस दारात आला आणि मामाचा निरोप देऊन गेला: बायकोला ताप आहे, ताईने जाऊन बघावं. दार लावून आई वळली आणि पाटावर बसलेल्या तुमच्याकडे बघत राहिली. मी पण बघत होते. तुम्ही वर बघितलं नाहीत.

मामा तेव्हा घरी नव्हता. त्याच्या गिरणीच्या दारात हाणामारी झाली, त्यात पोलिसांनी त्याचं नाव घेतलं होतं, आणि तो कुठेतरी लपला होता. कुठे, ते आईलाही ठाऊक नव्हतं. फक्त तुम्हांला ठाऊक होतं.

हे सगळं मला समजलं ते गोराईला गेलो त्या रविवारी. तुम्ही आईला म्हणालात, हिला जरा समुद्र दाखवून आणतो. बोरिवलीला उतरून बसने खाडीपर्यंत, मग लाँच. तुमच्या हातात उकड्या तांदळाची पिशवी होती. समुद्राकडे आपण गेलोच नाही. तुम्ही दोघांतिघांना विचारत एका मळ्याच्या कडेच्या खोपटापाशी मला घेऊन गेलात. दारातली बाई लगेच उभी राहिली. ‘कोण तुम्ही? परत काय आता?’ तुम्ही म्हणालात, ‘तसा नाय. मी देवगडाकडचो. आयकलंय, आपलो माणूस हंय आसा, म्हणान इलंय.’

आतून एक माणूस बाहेर येतो. चाळिशीचा असेल, उजवा हात पोटाशी धरलेला. तुमचं गाव ऐकून त्याचं तोंड असं उजळतं की मला आजही ते बघवत नाही. ‘अरे गाववालो! बसा, बसा. चाय टाक गो.’ तो डाव्या हाताने मला कप देतो. बशीत सांडतं तर तोच ओशाळतो. तो गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवायचा. संप लांबला म्हणून इथे मळ्यात कामाला आला होता. एका सकाळी पोलीस आले, नाव विचारलं, गाव विचारलं, गिरणी विचारली, आणि घेऊन गेले. आठ दिवस ठेवलं. मग म्हणाले, तू तो नाहीस, जा. मनगट तोवर मोडलं होतं आणि वाकडंच बसलं.

‘माका एकच कळणा नाय,’ तो तुम्हांला म्हणाला. ‘मी कोणाच्या मधे नाय, कोणाच्या अध्यात नाय. हंयसर आसंय ह्या तेंका सांगल्यान कोणी?’

‘मला काय कल्पना,’ तुम्ही म्हणालात. एवढा वेळ त्याच्याशी मालवणीत बोलत होतात आणि हे एकच वाक्य तुम्ही कचेरीच्या मराठीत बोललात. त्याने ते ऐकलं की नाही, माहीत नाही. त्याच्या बायकोने ऐकलं. आपण निघालो तेव्हा तिने तांदळाची पिशवी उचलून घेतली नाही, ती तशीच ओट्यावर होती.

परत येताना लाँचच्या इंजिनाचा एवढा आवाज होता की तुम्हांला माझ्या कानाशी तोंड आणावं लागलं. मामाचा आवाज टेपवर आला होता. ‘मी मनोरीक आसंय, बायलेक ताप इलोहा, ताईक सांगा जावन बघ म्हणान.’ तुम्ही मशीन थांबवलंत. पुन्हा ऐकलंत. ‘ऐकू येत नाही’ असं लिहिलं असतं तर टेप दुसऱ्या कोणाकडे गेली असती. म्हणून तुम्ही मनोरीच्या जागी शेजारचं गोराई टाइप केलंत. टेप पुसून परत वापरत, त्यामुळे ताडून बघणारं कोणी नव्हतं. तुम्हांला वाटलं, पोलीस गोराईला जातील, कोणी मिळणार नाही, परत येतील. महिन्याभराने दुसऱ्या टेपवर कोणीतरी सांगत होतं, ‘आपल्यातल्या एकाक गोरायत उचलल्यांनी, हात मोडल्यांनी, तेचो कायएक संबंध नाय.’ तेही तुम्हांला टाइप करून द्यावं लागलं.

‘पण असं ऐकायला चालतं?’ मी विचारलं.

‘वरून सही झालेली असते.’

‘मामाला माहीत होतं, तुम्ही ऐकताय ते?’

‘माहीत असतं तर बोलला असता का तो?’ मग तुम्ही माझा हात धरलात. ‘आईला पण सांगू नको.’

त्या माणसाचा हात कशासाठी गेला, बाबा? दोन महिन्यांत संपाचा जोर ओसरला आणि मामा आपण होऊन चौकीवर हजर झाला. त्याला दोन दिवस ठेवून सोडून दिलं. तोवर त्याच्याकडे बघायलाही कोणाला फुरसत नव्हती. गिरणी तर उघडलीच नाही. तुमचा साहेब म्हणाला, तुमचं काम झकास आहे, आणि तुम्ही त्या खोलीत आणखी तीन वर्षं बसलात. बदली मागायला हवी होती, असं मला वाटायचं. आता मीच निवृत्त झालेय. बदली मागताना कारण काय लिहिणार होतात, ते मला सुचत नाही. आता तर चोरून ऐकायला मालवणी माणूस लागतही नाही, यंत्रच ऐकून लिहून देतं. कोणाचा कान लाल होत नाही, कोणाला गोराईला जाऊन चहा प्यावा लागत नाही.

सुटल्यावर मामा आपल्याकडे जेवायला आला होता. अर्ध्या जेवणावर उठला, मोरीत हात धुतला, आणि तुमच्याकडे न बघता चपला घालून निघून गेला. पुन्हा कधी आला नाही. दर भाऊबीजेला आई एकटी ताट घेऊन त्याच्याकडे जायची. तुम्ही धरून चाललात की आईने तापावरून सगळं ओळखलं आणि भावाला सांगितलं. तुम्ही तिला विचारलं नाहीत, फक्त तिच्याशी बोलणं कमी करत गेलात. शेवटी शेवटी तर पाणी हवं असलं तरी मला हाक मारायचात. ती तुमच्या मागे दोन वर्षं जगली. तुमचा राग कशाबद्दल होता, हे तिला कळलं नाही.

आईने सांगितलं नव्हतं. मामा आला त्या दिवशी भाजी आणायला मी त्याच्यासोबत खाली गेले होते, तेव्हा जिन्यात मी सांगितलं. टेप, मनोरी, गोराई, त्या माणसाचं मनगट, सगळं. मला एकटीला ते ठेवून घेता येत नव्हतं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘तुजा नाव घेवचंय नाय.’ त्याने शब्द पाळला.

तुम्हांला जाऊन चोवीस वर्षं झाली. हे पत्र कोणाच्या हाती पडणार नाही अशी खात्री असल्यामुळेच लिहू शकले. तुम्ही समोर बसला असतात, आणि पाण्यासाठी आईला सोडून मला हाक मारली असतीत, तर मी आजही उठून पाणी दिलं असतं आणि गप्प राहिले असते.